झालेल्या कामाचे मोल



वसंतातल्या संध्याकाळी हिशेबाचा विषय काढणे कित्येकांना रुक्षपणाचे वाटेल. काव्य, संगीत, पुराण यांना ही वेळ शोभते. जमाखर्चाची वही दिवाणजींच्या बैठकीत बरी. तरीही आम्ही आज हिशेबाचाच विषय घेतला आहे. आपल्या सर्वांच्या पैशांतून जी धरणे, पूल, रस्ते, शाळा आणि इस्पितळे उभी राहतात, त्यांच्याविषयी नागरिक म्हणून आपण जे प्रश्न विचारतो ते अपुरे असतात. प्रश्न अपुरा असला म्हणजे उत्तर खरे असूनही माणूस फसतो. हा अपुरेपणा कोणाच्या लक्षात आला, तो दूर करण्यासाठी काय काय झाले आणि एवढे करूनही कोठे घात झाला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो बहुतांशी अमेरिकेत घडला, आणि तोही क्षेपणास्त्रांच्या व विमानांच्या कारखान्यांत. परंतु त्यातून निघणारा प्रश्न कोणत्याही गावच्या चावडीवर विचारता येण्यासारखा आहे.

तो प्रश्न आधी समजून घेऊ. समजा, एका गावाने दहा खोल्यांची शाळा बांधावयास काढली. प्रत्येक खोलीला पाच लाख रुपये, म्हणजे एकंदर अंदाजपत्रक पन्नास लाखांचे. दरमहा एक खोली, याप्रमाणे दहा महिन्यांत काम पुरे व्हावयाचे. सहा महिने झाले. गावकरी जमले आणि चिटणिसांस विचारू लागले की, आजवर किती खर्च व्हावयाचा होता? चिटणीस म्हणाले, तीस लाख. आणि झाला किती? तोही तीस लाखच. गावकरी समाधानाने घरी गेले. असा काटेकोर कारभार पाहून कोणीही समाधान पावेल!

परंतु त्यांच्यापैकी एखादा चिकित्सक गृहस्थ बांधकामावर जाऊन आला आणि त्याने खोल्या मोजल्या, तर पुऱ्या झालेल्या खोल्या चारच भरल्या. चार खोल्यांचे मोल अंदाजपत्रकाच्या दराने वीस लाख. म्हणजे तीस लाख रुपये खर्चून गावाने वीस लाखांचे काम पदरात पाडून घेतले. रुपया खर्चावा आणि काम साडेदहा आण्यांचे मिळावे, असा हा व्यवहार झाला. हाच क्रम पुढे चालला तर पन्नास लाखांची शाळा पंचाहत्तर लाखांना पडेल, हे भाकीत करण्यास ज्योतिषी नको; त्रैराशिक पुरे. चिटणिसांनी सांगितलेले दोन्ही आकडे खरे होते. चूक एवढीच की, तिसरा आकडा कोणी विचारला नाही.

हा तिसरा आकडा म्हणजे झालेल्या कामाचे, अंदाजपत्रकाच्या दराने काढलेले मोल. इंग्रजीत यास 'अर्न्ड व्हॅल्यू' असे नाव आहे. आपण कमावलेले मूल्य म्हणू. नियोजित मूल्य, प्रत्यक्ष खर्च आणि कमावलेले मूल्य, अशी ही त्रयी आहे. कमावलेल्या मूल्यास खर्चाने भागले म्हणजे पैशाचा सदुपयोग किती झाला ते कळते. त्यालाच नियोजित मूल्याने भागले म्हणजे काम वेळेच्या मागे आहे की पुढे, ते कळते. सारे शास्त्र एवढेच. ते चौथीच्या मुलासही समजेल, आणि म्हणूनच ते मोठमोठ्या राष्ट्रांच्या कारभाऱ्यांना इतके जड का गेले, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

आमच्या श्रोत्यांत सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केलेले कोणी असतील तर ते म्हणतील, यात नवे ते काय? आमचे मोजमाप पुस्तक दुसरे काय करते? त्यांचे म्हणणे रास्त आहे. आपल्याकडे सरकारी कामावर झालेल्या कामाची मापे घेऊन ती मोजमाप पुस्तकात नोंदवावयाची, इतके घनमीटर खोदाई, इतके चौरस मीटर गिलावा, आणि त्यास निविदेतील दर लावून बिल काढावयाचे, ही पद्धत फार जुनी आहे. जेवढे काम मोजून भरेल तेवढ्याचेच पैसे, हे तिचे तत्त्व. कमावलेल्या मूल्याचे बीज तेथे आहेच. परंतु मोजमाप पुस्तक प्रत्येक कंत्राटापुरते पाहते. सबंध धरण, सबंध रेल्वेमार्ग आज कोठे आहे, आणि या चालीने गेल्यास शेवटी कितीला पडेल, हे सांगणे त्याचे काम नव्हे. शिवाय जे काम पूर्वी कोणी केलेच नाही त्याचा दर दरसूचीत कोठून सापडणार? अमेरिकेपुढे जो पेच पडला तो नेमका असा होता.

हे तत्त्व प्रथम रुजले ते कारखान्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, फ्रेडरिक टेलर आदी इंजिनियरांच्या काळात, प्रत्येक वस्तू तयार करण्यास किती वेळ व किती मजुरी लागावी याचे प्रमाण ठरविण्याची प्रथा पडली. दिवसअखेर जेवढ्या वस्तू निघाल्या त्यांचे या प्रमाणाने होणारे मोल एका बाजूस आणि प्रत्यक्षात झालेला खर्च दुसऱ्या बाजूस, अशी तुलना होऊ लागली. टेलरचा सहकारी हेन्री गँट याने आडव्या पट्ट्यांचा तक्ता प्रचारात आणला. कोणते काम केव्हा सुरू व्हावे व केव्हा संपावे हे त्यावर एका नजरेत दिसे. पण कारखान्यात तीच वस्तू हजारदा होते, म्हणून तेथे प्रमाण ठरविणे सोपे. जी वस्तू एकदाच व्हावयाची, तिचे काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने अशा वस्तूंचा सपाटा लावला. समुद्राखालून सुटणारे पोलॅरिस क्षेपणास्त्र ही त्यांपैकी एक. त्यासाठी १९५५ साली अमेरिकन नौदलाने एक खास कचेरी स्थापन केली आणि रिअर अ‍ॅडमिरल विल्यम रेबर्न यांस तिचे प्रमुख नेमले. शेकडो कंपन्या आणि हजारो सुटी कामे, एकाचे अडले की दहांचे अडावयाचे. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने स्पुट्‌निक सोडला आणि घाई अधिकच वाढली. १९५८ साली या कचेरीने कामांच्या परस्परावलंबनाचे जाळे मांडून वेळेचा अंदाज बांधण्याची एक पद्धत काढली. तिचे नाव 'पर्ट'. २० जुलै १९६० रोजी 'जॉर्ज वॉशिंग्टन' या पाणबुडीने पाण्याखालून पोलॅरिस सोडले, आणि पर्टचा जगभर गाजावाजा झाला.

या गाजावाजाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने १९७२ साली पोलॅरिसच्या कारभारावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने असे दाखविले की, काम यशस्वी होण्यात पर्टचा वाटा समजला जातो त्यामानाने फारच थोडा होता. त्या रंगीत जाळ्यांचा व संगणकी कागदांचा खरा उपयोग झाला तो वरिष्ठांना आणि काँग्रेसच्या सभासदांना प्रभावित करण्यास, आणि बाहेरची ढवळाढवळ दूर ठेवण्यास! आकडा हा कारभाऱ्याला वाट दाखविण्यासाठी असतो, तसाच तो विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठीही वापरता येतो. आकड्याचे हे दोन उपयोग श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. आमच्या साऱ्या कथेत ते पुन्हा पुन्हा येणार आहेत.

पर्टमध्ये वेळ होता, पैसा नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी १९६२ साली अमेरिकन संरक्षण खाते आणि अवकाश संस्था 'नासा' यांनी मिळून 'पर्ट-कॉस्ट' ही पद्धत जाहीर केली. कामाच्या प्रत्येक गाठोड्यास अंदाजी खर्च जोडावयाचा आणि झालेल्या कामाचे मोल काढावयाचे, ही कल्पना तीत होती. परंतु सरकारने ठरविलेल्या एकाच साच्यात प्रत्येक कंपनीने आपला कारभार बसवावा, असा आग्रह धरला गेला. कंपन्या वैतागल्या, त्या काळचे संगणक त्या ओझ्याखाली वाकले, आणि थोड्याच वर्षांत पर्ट-कॉस्ट मागे पडली.

मग हवाईदलातील काही मंडळींनी, विशेषतः 'मिनिटमन' क्षेपणास्त्राच्या कामावर असलेल्यांनी, वेगळा विचार केला. कंपनीने हिशेब कसा ठेवावा हे सरकारने सांगू नये. तो हिशेब कोणत्या कसोट्यांस उतरला पाहिजे तेवढेच सांगावे. या विचारातून २२ डिसेंबर १९६७ रोजी संरक्षण खात्याने एक आज्ञापत्र काढले आणि त्यात ३५ कसोट्या घालून दिल्या. काम कोणाकडे सोपविले आहे, योजना व अंदाजपत्रक कसे बांधले आहे, खर्च कसा नोंदविला जातो, तफावतीची मीमांसा कशी होते आणि बदल कसे केले जातात, असे त्यांचे पाच गट होते. मागील नोंदींत मागाहून फेरफार करण्यास आळा बसला पाहिजे, अशीही कसोटी त्यांत होती. आपल्याकडच्या कोणत्याही कारकुनास तिचे मर्म सांगावे लागणार नाही.

सरकारला एवढी निकड का भासली, हेही पाहिले पाहिजे. जे पूर्वी कोणी केले नाही त्याची किंमत आगाऊ सांगता येत नाही, म्हणून अशी अनेक कंत्राटे 'होईल तो खर्च आणि वर नफा' या बोलीवर दिली जात. या बोलीत कंत्राटदारास काटकसरीचे कारण उरत नाही. पैसे संपत येत, पुन्हा मागितले जात, आणि अर्धवट काम टाकून देणे अधिक नुकसानीचे म्हणून पुन्हा दिले जात. तूट कळे ती पेटी रिकामी झाल्यावर. कमावलेल्या मूल्याचा हिशेब ती पेटी अर्धी भरलेली असतानाच सांगू शकत होता.

आता या कथेतील एका माणसाकडे वळू. अर्नेस्ट फिट्झजेराल्ड हे अलाबामा प्रांतातील इंजिनियर. १९६५ साली ते हवाईदलाच्या खात्यात खर्चनियंत्रणाच्या हुद्द्यावर आले. त्याच वर्षी हवाईदलाने लॉकहीड कंपनीस 'सी-५ ए' या प्रचंड मालवाहू विमानांचे कंत्राट दिले होते. काम पुढे सरकले तसे आकडे बोलू लागले. १३ नोव्हेंबर १९६८ रोजी सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या समितीपुढे फिट्झजेराल्ड यांस प्रश्न आला की, या विमानांचा खर्च सुमारे दोन अब्ज डॉलरांनी वाढणार, हे खरे काय? आकडा गुळमुळीत करण्याची वरिष्ठांची अपेक्षा होती. फिट्झजेराल्ड यांनी तो साधारण बरोबर असल्याचे सांगितले.

याचे फळ त्यांना लौकरच मिळाले. मोठ्या शस्त्रास्त्रांचे हिशेब त्यांच्याकडून काढून घेण्यात आले आणि थायलंडमधील एका करमणुकीच्या बोलिंगगृहाच्या खर्चाची तपासणी त्यांच्याकडे आली. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्यांची जागाच रद्द झाली. त्यांनी दाद मागितली. १९७३ साली त्यांना परत घेण्याचा हुकूम झाला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर त्यांनी लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८२ साली न्यायालयाने निर्णय दिला की, अधिकारपदाच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल राष्ट्राध्यक्षांकडून नुकसानभरपाई मागता येत नाही. फिट्झजेराल्ड २०१९ साली वारले. १९६७ च्या कसोट्यांवरील शाई पुरती वाळली नव्हती, तोच हे घडले, हे विसरता कामा नये. तिसरा आकडा विचारण्याची आज्ञा सरकारने काढली. तो आकडा चारचौघांत सांगणारा मात्र सरकारला नकोसा झाला.

यानंतर वीस वर्षे लोटली. पद्धत स्थिरावली, मोठ्या कंत्राटांवर महिन्याच्या महिन्याला तिन्ही आकडे येऊ लागले. आणि मग 'ए-१२' या विमानाचे प्रकरण घडले. आमच्या मते या सबंध इतिहासात याहून बोधप्रद प्रकरण नाही.

जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकन नौदलाने मॅक्डोनेल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स या दोन कंपन्यांस रडारला न दिसणारे बाँबफेकी विमान तयार करण्याचे कंत्राट दिले. सरकार कमाल किती देणार याची मर्यादा सुमारे ४.८ अब्ज डॉलर ठरली होती. त्यावरील तूट कंपन्यांनी सोसावयाची. काम अत्यंत गुप्त होते. एप्रिल १९९० मधील त्याचे आकडे पुढे प्रसिद्ध झाले. तोपर्यंत २०८ कोटी डॉलरांचे काम व्हावयास हवे होते. खर्च झाला होता १९५ कोटी. नुसते हे दोन आकडे पाहणारा म्हणेल, ठीक चालले आहे. किंबहुना थोडी बचतच आहे. परंतु तिसरा आकडा होता १४९ कोटी. म्हणजे झालेल्या कामाचे मोल खर्चापेक्षा सुमारे ४६ कोटींनी कमी आणि योजनेपेक्षा सुमारे ५९ कोटींनी कमी. डॉलर खर्चावा आणि शहात्तर सेंटांचे काम मिळावे! कामाचे एकूण अंदाजपत्रक ४०५ कोटींचे होते, आणि जेमतेम ३७ टक्के काम झाले होते. आपल्या शाळेचे त्रैराशिक येथे लावले तर शेवटचा खर्च ५२९ कोटींवर जातो. म्हणजे कमाल मर्यादेच्याही पार. काम वेळेच्या मागे आहे हे जमेस धरून हिशेब केला तर तो याहूनही पुष्कळ फुगतो.

हे त्रैराशिक कोणी केलेच नव्हते काय? केले होते. संरक्षण खात्यातील आणि नौदलातील खर्च-विश्लेषकांनी मोठ्या तुटीचे अंदाज काढले होते. परंतु ते निराशावादी ठरविले गेले; मर्यादेच्या आत बसणारे, आशेवर बांधलेले अंदाजच वर पोहोचले. त्याच सुमारास संरक्षणमंत्री डिक चेनी मोठ्या विमान-योजनांची फेरतपासणी करीत होते. २६ एप्रिल १९९० रोजी त्यांनी काँग्रेसपुढे सांगितले की, विमानांची संख्या ८५८ वरून ६२० वर आणावी, पण योजना चालू ठेवावी. नंतर सुमारे पाच आठवड्यांतच, १ जून रोजी, कंपन्यांनी कळविले की, खर्च मर्यादेबाहेर जाणार, ही तूट आम्हांस सोसणार नाही, आणि पहिले उड्डाणही लांबणार. मंत्र्याने देशाच्या प्रतिनिधींपुढे जे सांगितले होते ते थोड्याच आठवड्यांत खोटे ठरले.

नौदलाने चेस्टर पॉल बीच या कायदे-अधिकाऱ्याकडून चौकशी करविली. नोव्हेंबर १९९० च्या आपल्या अहवालात बीच यांनी दाखविले की, कंपन्यांकडून येणाऱ्या आकड्यांतच संकट स्पष्ट दिसत होते. वाईट बातमी वर न पाठविण्याची खात्याची सवय हेच या अपयशाचे मूळ असून, ती सुटली नाही तर असे प्रसंग पुन्हा येतील, असा इशाराही त्यांनी दिला. अधिकाऱ्यांवर ठपके आले. ७ जानेवारी १९९१ रोजी चेनी यांनी योजनाच रद्द केली. हे विमान किती पैशांत तयार होईल हे आपणांस कोणी सांगू शकत नाही, असे कारण त्यांनी दिले. एकही विमान उडाले नाही. पैसे कोणी कोणास परत द्यावयाचे याचा खटला मात्र चालत राहिला, आणि त्याचा निकाल तडजोडीने २०१४ साली लागला! विमान तयार करण्यास जेवढी वर्षे मिळाली नाहीत त्याहून कितीतरी अधिक त्याच्या भांडणास मिळाली.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपल्या घराघरांतील म्हण आहे. ए-१२ च्या बाबतीत कोंबडे दर महिन्याला आरवत होते, आणि दर महिन्याला त्यावर नवी टोपली पालथी घातली जात होती. असे का होते, याचा विचार करताना केवळ दुष्टपणा शोधू नये. योजना रद्द होईल ही भीती, वरिष्ठांची नाराजी, आणि 'पुढल्या महिन्यात भरून काढू' ही माणसाची निरागस आशा, ही तिन्ही कारणे त्यात असतात. यांतील आशेचा समाचार मागाहून अभ्यासकांनी घेतला. डेव्हिड ख्रिस्टेन्सेन आणि त्याचे सहकारी यांनी संरक्षण खात्याची जुनी कंत्राटे तपासून १९९३ च्या सुमारास दाखविले की, वीस टक्के काम झाल्यावर खर्चाचा निर्देशांक फारसा हलत नाही. तेव्हा जे प्रमाण असते त्यात शेवटपर्यंत दहा टक्क्यांपेक्षा अधिक फरक सहसा पडत नाही, आणि पडला तर बहुधा वाईटाकडेच. लहान किंवा निराळ्या जातीच्या कामांना हा नियम तसाच लागू पडत नाही, असे पुढे इतरांनी दाखविले, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. तथापि मोठ्या कामांचा रोख पंचमांश वाटेवर ठरतो, हा इशारा पुसून टाकता येत नाही.

या अनुभवानंतर पद्धत अधिक सुटसुटीत झाली. कसोट्या नाकापेक्षा मोती जड झाल्या आहेत, त्या पुऱ्या करण्यातच अर्धे मनुष्यबळ जाते, ही कंपन्यांची तक्रार जुनीच होती. उद्योगांनी स्वतःच ३५ च्या ३२ कसोट्या केल्या; १९९६ च्या अखेरीस संरक्षण खात्याने त्या मान्य केल्या, आणि १९९८ साली त्यांस अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकाचे रूप आले. कमावलेले मूल्य शस्त्रागारातून बाहेर पडून जगभरच्या बांधकामांत आणि संगणकीय कामांत शिरले.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर आम्हीही पर्टवाल्यांसारखे रंगीत तक्ते दाखवून निघून गेलो, असे व्हावयाचे. पहिली मर्यादा मोजणीची. खोली पुरी झाली की मोजता येते. अर्धी खोली किती? काम करणाऱ्यास विचारावे तर ते नेहमी नव्वद टक्के झालेले असते, आणि उरलेल्या दहा टक्क्यांस पूर्वीच्या नव्वदांइतकाच वेळ लागतो! म्हणून काही ठिकाणी नियम करतात की, काम सुरू होताच निम्मे मोल धरावे आणि निम्मे पुरे झाल्यावरच; काही ठिकाणी तर पुरे होईपर्यंत शून्यच धरतात. दुसरी मर्यादा वेळेची. रखडलेले कामही अखेर पुरे होतेच, आणि त्या दिवशी कमावलेले मूल्य नियोजित मूल्याइतके होऊन वेळेचा निर्देशांक बिनचूक एकावर येतो. चार वर्षे उशीर झालेले कामही कागदावर वेळेवर झालेले दिसते. हा दोष दूर करणारी सुधारणा वॉल्ट लिपकी यांनी २००३ साली सुचविली. तिसरी मर्यादा गुणाची. भिंत उभी आहे एवढे हा हिशेब सांगेल. तिच्यात सिमेंट किती आणि वाळू किती हे सांगणार नाही. चौथी मर्यादा मूळ अंदाजपत्रकाची. तेच काम पदरात पडावे म्हणून मुद्दाम कमी धरलेले असेल, तर काम करणारा निष्कारण दोषी ठरतो. आणि मुद्दाम फुगविलेले असेल, तर उधळ्यासही काटकसरी म्हणून शाबासकी मिळते.

एवढे सारे ऐकल्यावर आपण काय करावे? आपल्याकडे सरकारी कामांच्या अहवालांत 'भौतिक प्रगती' आणि 'आर्थिक प्रगती' असे दोन शब्द असतात. पहिला काम किती झाले ते सांगतो, दुसरा पैसे किती गेले ते. वर्तमानपत्रांत मात्र बहुधा दुसराच येतो: इतके कोटी मंजूर झाले, इतके कोटी खर्च झाले, इतका निधी परत गेला. निधी खर्च झाला म्हणजे काम झाले, अशी आपलीही समजूत होऊन बसते. ही समजूत सोडावी, आणि दोन्ही प्रगती शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात.

ही मांडणी तज्ज्ञांनीच करावी असे नाही. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानात पाली जिल्ह्यातील कोट किराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनाने जनसुनावणी भरविली. गावातील कामांची बिले आणि मजुरांच्या हजेरीचे कागद तेथे सर्वांसमक्ष वाचून दाखविण्यात आले. जमलेल्या बायाबापड्यांना कसोट्यांची गरज नव्हती. बिलात लिहिलेले काम जमिनीवर आहे की नाही, आणि हजेरीवरची माणसे कामावर होती की नाही, हे त्या जाणत होत्या. अशा सुनावण्यांतून जी चळवळ वाढली तिचा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या जन्मात मोठा वाटा आहे. त्या कायद्याने नागरिकास केवळ कागद मागण्याचा नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिला आहे. मोजमाप पुस्तकाची प्रत मागता येते, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यापाशी संगणक होते, विश्लेषक होते आणि पस्तीस कसोट्याही होत्या. कोट किरानापाशी यांतले काहीच नव्हते. परंतु तेथे कागद उघड्यावर वाचले गेले आणि ऐकणाऱ्यांना उत्तर ऐकावयाचे होते. ए-१२ चे आकडे कुलपात होते आणि ज्यांच्यापाशी किल्ली होती त्यांना ते नकोसे होते. आम्हांस या इतिहासातून एवढेच सांगावयाचे आहे. आपल्या नगरपालिकेचे, जिल्हा परिषदेचे, शाळेच्या किंवा देवळाच्या जीर्णोद्धार समितीचे कोणतेही काम चालू असो. ते पंचमांश झाले की एकदा तीन आकडे विचारावेत. आजवर किती काम व्हावयाचे होते, किती पैसे गेले, आणि जे झाले आहे त्याचे अंदाजपत्रकाच्या दराने मोल काय? उत्तर वाईट आले तर ते सांगणाऱ्यावर रागावू नये. तो चिटणीस किंवा तो कारकून आपणांस उरलेले चार पंचमांश पैसे वाचविण्याची संधी देत असतो. त्यालाच आपण गप्प केले, तर पुढच्या खेपेस तो आपल्याला दोनच आकडे सांगेल. दोन्ही खरे असतील, आणि आपण समाधानाने घरी जाऊ.